वस्तादाचं माप

"सतरा," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "सतरा नंबर बंद करा."

सतरा नंबरचा माग बाकीच्या तेवीस मागांसारखाच धडधडत होता. कापड सरळ उतरत होतं, धागा कुठे तुटलेला नव्हता. तरी कामगाराने काही न विचारता हँडल मागे ओढलं. आप्पा स्टुलावरून उठले, मागाच्या डाव्या अंगाला वाकले आणि धोट्याला फटका देणाऱ्या दांड्याचा चामडी पट्टा बोटाने उचलून दाखवला. पट्टा अर्ध्याहून जास्त फाटला होता.

"संध्याकाळपर्यंत धोटा उडाला असता," ते म्हणाले. "घेतलंस का?"

त्यांच्या मुलीने, उर्वीने, फोनवरचं चित्रीकरण थांबवलं. "घेतलं. पण आप्पा, एवढं ऐटीत डोळे मिटून बसायचं काय कारण? समितीला वाटेल नाटक आहे."

"नाटकच की. चोवीस तोंडं एकदम बोलायलीत आणि त्यातलं एक खोटं बोलायलंय, ते वळखायचं. नाटकात आणि काय असतंय?"

त्यांच्यामागे उभा असलेला गौस मुजावर मोठ्याने हसला. पंधरा वर्षं तो आप्पांच्या हाताखाली काम करत होता आणि आप्पांच्या प्रत्येक विनोदाला हसणं हा त्या कामाचाच भाग असल्यासारखा हसत होता.

बाळासाहेब होगाडे, म्हणजे आप्पा, इचलकरंजीतले जॉबर. माग लावणं, जुळवणं, दुरुस्त करणं हे जॉबरचं काम. धोट्याविना चालणारे नवे माग येऊन एक पिढी झाली होती, जुने माग लवकरच भंगारात जाणार असं दरवर्षी कोणीतरी सांगत होतं आणि शहराच्या गल्ल्यांतून ते तरीही चालूच होते. लोखंडी टोकांचा लाकडी धोटा मिनिटाला दीडशे वेळा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो. वेळ किंचित चुकली की तो मागाबाहेर उडतो आणि समोर जे असेल त्यावर आदळतो. चांगला जॉबर ती चूक आधी ऐकतो. अडचण एवढीच, की ज्या आवाजात ती ऐकायची तोच आवाज त्याचे कान खातो. पन्नाशी ओलांडेपर्यंत आप्पांना आपल्याच घरातली दाराची बेल ऐकू येईनाशी झाली होती.

उर्वीने चित्रीकरण वकिलांना पाठवलं. समिती शनिवारी कोल्हापुरात बसणार होती. आज गुरुवार. तिने घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. गेले आठ दिवस तिचं असंच चाललं होतं.

*

समितीला ठरवायचा प्रश्न साधा होता: फोन बनवणाऱ्या कंपनीने, आपण न बनवलेली, आपण न तपासलेली प्रणाली आपल्या फोनवर चालू द्यावी की नाही? दहा वर्षांपूर्वी या प्रश्नावर लोक हौसेने वाद घालत. फोनचा रंग बदलणं, कंपनीच्या दुकानात नसलेला एखादा खेळ टाकणं, एवढ्यापुरताच तो होता. मग फोन माणसाच्या शरीराला जोडले गेले.

अनुरव कंपनीचा 'मणी' म्हणजे वाटाण्याएवढं कानातलं यंत्र. मण्यात फक्त माईक, छोटा स्पीकर आणि बॅटरी. विचार सगळा फोन करतो. मण्याने पकडलेला आवाज दर चार मिलिसेकंदांनी फोनकडे जातो आणि तिथली चिप त्याची फोड करते. हे माणसाचं बोलणं, हे वाहन, हे संगीत, हा धोक्याचा भोंगा. नको असलेले आवाज पुसले जातात, हवे असलेले त्या माणसाच्या कानाला जेवढे कमी पडतात तेवढे वाढवून परत पाठवले जातात. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात हे सगळं होतं. ज्यांना वीस वर्षांत नातवंडांचं बोलणं कळलं नव्हतं, त्यांना ते कळू लागलं. उर्वीने स्वतः आप्पांच्या कानात मणी बसवला, तेव्हा आईने नुसतं "चहा ठेवू का?" विचारलं आणि आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले आणि तासाभरात घरी परत आले.

"माग कुठायत?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"माणसं बोलल्यालं ऐकू येतंय. लांबनं कुणी शिव्या दिल्या तरी कळायलंय. पण माग मुक्यानं चालायलेत. हलायलेत, आवाज न्हाई. देवळातल्या पडद्यावर सिनेमा बघतोय असं वाटायलंय."

कंपनीच्या यादीत आवाजांचे दोनशे बारा प्रकार होते. त्यात कुत्र्याचं भुंकणं होतं, कुकरची शिट्टी होती, बर्फावरून चालण्याचा आवाजही होता. माग नव्हता. तो 'यांत्रिक गोंगाट' या शेवटच्या वर्गात जाई आणि त्या वर्गाचं एकच काम होतं, पुसलं जाणं. मणी काढून ठेवला तर आप्पांना सगळ्याच मागांचा मिळून एक मंद घरघराट तेवढा ऐकू येई. पाचव्या दिवशी सहा नंबरचा धोटा उडाला आणि गौसच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर भिंतीवर आदळला. आप्पा तेव्हा त्या मागासमोरच उभे होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर ते दोन महिने घरी बसले.

उर्वीने इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं आणि मुख्य रस्त्यावर फोन आणि श्रवणयंत्रं दुरुस्त करण्याचं तिचं दुकान होतं. तिने कंपनीला चार पत्रं लिहिली. चारही वेळा आभार मानणारं उत्तर आलं. आपणच मागासाठी प्रणाली लिहावी तर फोन ती चालवणार नव्हता. फोन सुरू होताना प्रत्येक प्रणालीवरची कंपनीची गुप्त सही तपासतो. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही आणि प्रणाली सुरूच होत नाही. पण आप्पांच्या फोनच्या जातीत, ही तपासणी करणाऱ्या चिपमध्येच एक चूक राहून गेली होती. जगभरच्या काही हौशी लोकांनी ती शोधून काढली होती आणि त्यातून आत शिरायची वाट तयार केली होती. अशा वाटेला ते 'कवाड' म्हणत.

उर्वीने कवाड उघडलं. चार महिने खपून तिने आपली प्रणाली लिहिली. कोणतेही दोन माग अगदी एका गतीने चालत नाहीत. पट्टा किंचित घसरतो, मोटर किंचित जुनी असते. एकाचे मिनिटाला दीडशे फटके, दुसऱ्याचे एकशे एक्कावन्न. तिची प्रणाली प्रत्येक मागाचा ताल पकडून ठेवी आणि चोवीस आवाज चोवीस ठिकाणांहून आल्यासारखे वेगळे ऐकवी. शेवटची एक अडचण उरली. कानात किती मोठा आवाज सोडायचा याला कंपनीची मर्यादा होती. दोष कळतो तो फटक्याच्या अगदी पहिल्या टोकात, आणि ती मर्यादा नेमकं तेच टोक छाटून टाकत होती. उर्वीने मर्यादा काढली. आप्पांचे कान पंच्याऐंशी डेसिबलने मंद झालेले. त्यांना तेवढा आवाज लागणारच होता, तिने हिशेब करून पाहिला होता.

आप्पा कामावर परतले. मग इतर कारखान्यांतले लोक दुकानात येऊ लागले. आता अशा फोनांची संख्या एक्केचाळीस होती आणि शनिवारी ते एक्केचाळीस फोन हाच कवाडं खुली ठेवा म्हणणाऱ्या बाजूचा, खुल्या बाजूचा, सगळ्यात मोठा पुरावा असणार होता.

*

शुक्रवारी शहरातली वीज बंद असे. आठवड्यातला तेवढा एक दिवस माग थांबत. सकाळी दहाच्या सुमाराला गौस दुकानात आला. सुट्टी म्हणून त्याने मणी घातला नव्हता. उद्या साक्षीला तोही येणार होता.

"उर्वी! उद्या किती वाजता निघायचं? पांढरा शर्ट घालू का निळा?"

"ओरडू नका गौसभाई. आज माग बंद आहेत."

"मी कुठं ओरडलो?"

तो ओरडतच म्हणाला. समोरच्या दुकानातल्या बाईने मान वळवून पाहिलं. उर्वीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"कधीपासून असं बोलायला लागलाय?"

"कसं?"

ती उठली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "शमाभाभी कशा आहेत?"

गौस समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

तिने त्याला खुर्चीत बसवलं, दार लावलं, तपासणीचं यंत्र बाहेर काढलं. वीस मिनिटं ती एकेक सूर सोडत होती आणि ऐकू आला की गौस बोट वर करत होता. बोट वर होत नव्हतं तेव्हा तिला आपलाच श्वास ऐकू येत होता. सात महिन्यांपूर्वी कामगारांच्या तपासणी शिबिरात त्याचा कान चाळीस डेसिबलने मंद निघाला होता. मागावरच्या पस्तिशीच्या माणसाला तेवढं होतंच. आता आकडा अठ्ठ्याहत्तर होता. तिने पुन्हा तपासलं. अठ्ठ्याहत्तरच.

"कानात काही वाजतं का?"

"शिट्टी वाजायलीय. दोन म्हयनं झालं. म्हटलं मण्याची असंल." गौस हसला. "उर्वी, तोंड का एवढंसं झालंय? काय ते सांग."

तिने त्याचा फोन घेतला आणि आपली प्रणाली उघडली. सगळ्यात वर ज्याच्या कानाचं माप भरलंय त्याचं नाव असे. तिथे लिहिलं होतं: बाळासाहेब होगाडे.

"हे काय आहे?"

"वस्तादांचं माप."

"ते मला दिसतंय. तुमच्या फोनात कसं?"

गौसला प्रश्नच कळला नाही. त्याने नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. आप्पांच्या खिशात एक सागवानी पट्टी असते, तिच्यावर खाचा पाडलेल्या. एक माग वस्तादाने कानाने जुळवायचा, त्याचं माप पट्टीवर घ्यायचं आणि मग बाकीचे माग त्या पट्टीने लावायचे. चेल्याने आपल्या मनाने लावायचं नाही. लावलं तर धोटा उडतो. "तुझा त्यो कागद होता, प्रत्येकानं आपापला कान तपासा म्हणून. पण आमच्याकडं शांत जागा कुठाय? आणि माझ्या कानाचं माप घिऊन मला काय करायचं होतं? मला वस्तादांसारखं ऐकायचं होतं. त्यांनी दिलं माप. मी लावलं."

"दुखलं नाही? पहिल्या दिवशी?"

"डोकं फुटंल असं वाटलं. पण वस्ताद असंच ऐकत असतील म्हटलं, सवय व्हायला पायजे. आठ दिसांत झाली की सवय."

उर्वी खुर्चीत बसली. पुस्तकात हे वाचून ती परीक्षेत लिहूनही आली होती. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी. आवाजाने ती टोकं हलतात आणि मेंदूला कळतं. फार मोठ्या आवाजाने ती मोडतात आणि माणसाच्या कानात ती पुन्हा उगवत नाहीत. चाळीस डेसिबलने मंद असलेल्या कानात पंच्याऐंशीचं माप म्हणजे रोज आठ तास, प्रत्येक फटका कानाशी फुटलेल्या फटाक्याएवढा. आणि आठव्या दिवशी त्रास थांबला तो सवय झाली म्हणून नाही. तोवर त्रास ऐकू येण्याएवढा कानच उरला नव्हता.

हे तिने त्याला कागदावर लिहून दिलं. बोलून सांगण्याची तिला खात्री वाटेना.

गौसने कागद दोनदा वाचला. "परत येणार न्हाई?"

तिने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "पोरगी आता कुठं दोन दोन शब्द जोडायलीय." मग त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "हे वस्तादांना सांगू नको."

*

तिने सांगितलं. दुपारी, जेवणाच्या ताटावर. आई वाढता वाढता थांबली.

"दिलं मी," आप्पा म्हणाले. "त्यानं मागितलं, मी दिलं. चेला माप मागतोय म्हटल्यावर..." त्यांनी घास खाली ठेवला. "ज्याचं त्याचं माप घेतल्याबिगर ते चालूच होऊ नये, असं करता येत न्हवतं का तुला?"

"येत होतं."

"मग?"

"आधी तसंच होतं. कंपनीने माप फोनला बांधलेलंच असतं, दुसऱ्याचं चालत नाही. पण तुमचा फोन पाण्यात पडला तेव्हा तुमचं माप नव्या फोनात घेता येईना. तपासणीला पुन्हा शुक्रवारची वाट बघायची आणि तुम्ही तर मागं लागला होता. म्हणून मी ती गाठ सोडली. सगळ्यांच्याच प्रतीत सोडली. मला वाटलं, दुसऱ्याचं माप आपल्या कानाला कोण कशाला लावेल?"

"पोरी, इथं दुसरं काय करतात?" आप्पा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. आयुष्यभर या घरात राहून मुलीला हे कसं माहीत नव्हतं, याचं.

आई म्हणाली, "आता उद्याचं काय?"

उद्याचं काय, हे विचारायला उर्वीने वकिलांना फोन लावला. खुल्या बाजूचे वकील कुरुंदवाडे भले माणूस होते आणि फुकट लढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कंपनीला हे माहीत आहे का?"

"नाही."

"मग कोणी विचारणार नाही. तुम्ही खोटं बोलायचं नाहीये, उर्वीताई. विचारलं नाही ते सांगायचं नाहीये, एवढंच. तुम्ही हे सांगितलंत तर कंपनीला आणखी काहीच करावं लागणार नाही. देशभर कवाड बंद होईल. इन्सुलिनचा पंप स्वतः जुळवून घेणारे, अंधांसाठी नकाशे लिहिणारे, सगळ्यांचं. एका माणसासाठी?"

"एक माणूस आहे हेही मला नक्की माहीत नाही. एकोणचाळीस जणांचं तपासायचं राहिलंय."

"मग तपासा की. सोमवारपासून तपासा. उद्या गप्प बसा."

तिने फोन ठेवला आणि प्रतींची यादी काढली. वीज संध्याकाळी सातला येणार होती. तोवर माग बंद, तोवरच तपासणी शक्य. ती यंत्र घेऊन निघाली आणि गल्ल्यागल्ल्यांतून फिरली. एका घरात लोक जेवत होते, एका घरात साखरपुडा चालला होता. तिने नवऱ्यामुलाच्या काकांना बाजूच्या खोलीत बसवून तपासलं आणि पाहुणे दारातून बघत राहिले. सात वाजता शहर पुन्हा धडधडायला लागलं तेव्हा नऊ जण झाले होते. सहा ठीक होते. तिघांच्या फोनात आप्पांचं माप होतं. त्यातल्या दोघांचे कान मुळातच तेवढे गेलेले, म्हणून वाचले होते. तिसऱ्याच्या कानात शिट्टी वाजत होती.

*

समितीची खोली थंड होती आणि इतकी शांत, की आप्पा सारखे मण्याला बोट लावून तो चालू आहे ना बघत होते. कंपनीच्या बाजूने डॉ. इंद्राणी भाटवडेकर बोलल्या. उर्वीने त्यांची एखाद्या शत्रूसारखी कल्पना केली होती. त्या सावकाश, स्पष्ट बोलत होत्या आणि मधूनच आप्पांकडे वळून त्यांना ऐकू येतंय ना याची खात्री करून घेत होत्या.

"आम्ही कुलूप लावतो ते लोकांना कमी समजतो म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "कान एकदाच मिळतो. चूक झाली तर ती दुरुस्त करायला आमच्याकडे प्रणाली नाही."

मग उर्वीची पाळी आली. तिने चित्रीकरण दाखवलं. सतरा नंबर, फाटलेला पट्टा. समितीचे तिन्ही सदस्य पुढे झुकले. अध्यक्षांनी ते पुन्हा दाखवायला सांगितलं. कुरुंदवाडेंनी तिच्याकडे पाहून मान हलवली: बस, आता खाली बसा.

गौस दुसऱ्या रांगेत निळा शर्ट घालून बसला होता. तो तिच्या ओठांकडे बघत होता. मागांच्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसांना ओठ वाचता येतात. तिने काहीही म्हटलं तरी त्याला कळणार होतं. त्याने हळूच मान आडवी हलवली. नको.

"अजून एक सांगायचं आहे," ती म्हणाली.

तिने सांगितलं. आकडे, तारखा, सोडलेली गाठ. माझ्या प्रणालीमुळे एका माणसाचा कान गेला, दुसऱ्याचा जातो आहे, आणि तीस जणांचं मला अजून माहीत नाही. कुरुंदवाडेंनी समोरची फाईल मिटली.

मग डॉ. भाटवडेकरांनीच विचारलं, "म्हणजे कुलूप असायला हवं, हे तुम्हाला मान्य आहे?"

"एक कुलूप हवं होतं. तुम्ही दोन गोष्टी एका कुलपात ठेवल्यात." उर्वीने दोन बोटं वर केली. "काय ऐकायचं हे एक. किती मोठं ऐकायचं हे दुसरं. दुसरं मण्यात ठेवा, कानाशी बांधून, कोणालाही उघडता येणार नाही असं. मलासुद्धा ते उघडता येऊ नये. पण पहिलं माझ्या वडिलांचं आहे. तुमच्या यादीत बर्फ आहे. माग नाही. तो आत घालायला मला सगळं फोडावं लागलं आणि फोडताना जे फुटायला नको तेही फुटलं. ती चूक माझी. सगळं एकत्र ठेवलंत, ती तुमची."

"मण्यात मर्यादा बसवायला नवी चिप लागेल," डॉ. भाटवडेकर म्हणाल्या. क्षणभर त्या कंपनीच्या नव्हत्या, नुसत्या विचार करत होत्या. "दोन वर्षं. कदाचित तीन."

"तीन वर्षं हे घरी बसणार?"

अध्यक्षांनी अंतिम निर्णय राखून ठेवला आणि तात्पुरता आदेश दिला. नव्या चिपचा आराखडा कंपनीने सहा महिन्यांत सादर करायचा. इतर यंत्रांच्या कवाडांना तोवर कोणी हात लावायचा नाही. उर्वीच्या प्रणालीचे एक्केचाळीस फोन मात्र सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत मूळ स्थितीत आणायचे. ते उर्वीने स्वतः आणायचे.

परतताना एसटीत गौस आप्पांच्या शेजारी बसला, तिच्याकडे पाठ करून.

*

सोमवारी साडेचारपर्यंत चाळीस फोन झाले. कोणी मुकाट्याने दिले, कोणी विचारलं की आता उद्यापासून माग कसे ऐकायचे. एकाने फोन तिच्यासमोर आपटला. त्या चाळिसांत आणखी तिघांच्या कानांत शिट्टी निघाली. शेवटचा फोन आप्पांचा. ती कारखान्यात पोचली तेव्हा पाऊण तास उरला होता.

आप्पा खडू घेऊन फिरत होते. प्रत्येक मागासमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे, ऐकायचं आणि मग मागाच्या लोखंडी अंगावर लिहायचं. 'डावा पट्टा, दोन आठवडे.' 'पेटी सैल.' 'बेअरिंग, दिवाळीच्या आत.' नंतर ऐकू येणार नव्हतं ते सगळं ते आधीच ऐकून ठेवत होते. गौस मागून कंदिलासारखी बॅटरी धरून चालला होता आणि लिहिलेलं वहीत उतरवून घेत होता.

उर्वी दारात थांबली. पावणेसहाला एकोणिसावा माग झाला. तिने घड्याळ दाखवलं. आप्पांनी हात वर केला: थांब. विसावा. एकविसावा. बाविसाव्याला त्यांनी लिहिलेलं पुसलं आणि पुन्हा ऐकलं. सहाला दोन मिनिटं असताना ते चोविसाव्यापाशी पोचले आणि तिथे बराच वेळ उभे राहिले. काही लिहिलं नाही. "ह्याला काय न्हाई," ते म्हणाले. "चांगला चाललाय." तरी ते तिथून हलेनात.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

उर्वीने बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, पट्टी भरत गेली. आप्पांच्या चेहऱ्यावर तिला तो क्षण दिसला. डोळ्यांसमोर चोवीस माग हलत होते आणि त्यांची मान किंचित तिरकी झाली, कोणी हाक मारता मारता थांबावं तशी.

गौसने वही काखेत धरली आणि पुढे वाकून, आता नेहमीच्या झालेल्या मोठ्या आवाजात, पूर्ण ताकदीने विचारलं, "वस्ताद! काय ऐकू येतंय का?"

आप्पा त्याच्याकडे वळले. त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून उजेडात आले आणि एकेक शब्द सावकाश म्हणाले, "तुझंच तेवढं येतंय."